संत मरिया गोरेटी : क्षमेचे सामर्थ्य

हिंसा माणसाच्या रक्तातच असते का? रोजच्या बातम्या वाचून आपल्याला तसेच वाटू लागते. अशा वेळी आपण संत मरिया गोरेटीची आठवण करू या.

मरियाचा जन्म १८९० साली इटलीतील कोरिनाल्दो येथे गरीब शेतकरी कुटुंबात झाला. वडील मलेरियाने वारले. आई शेतात राबे, मरिया घर सांभाळी. ५ जुलै १९०२ रोजी त्याच घरात राहणाऱ्या अलेस्सांद्रो या तरुणाने तिच्यावर अतिप्रसंग करण्याचा प्रयत्न केला. तिने विरोध करताच त्याने तिला १४ वेळा भोसकले. दुसऱ्या दिवशी, त्याला क्षमा करून, अकरा वर्षांची मरिया देवाघरी गेली.

अलेस्सांद्रो तुरुंगात काही वर्षे निगरगट्टच राहिला. पुढे मरिया स्वप्नात येऊन आपल्याला फुले देत असल्याचे त्याला दिसले आणि त्याचे मन पालटले. २७ वर्षांनी सुटल्यावर त्याने तिच्या आईची क्षमा मागितली. त्या माउलीने ती दिली. १९५० साली मरिया संतपदाला पोहोचली. अलेस्सांद्रो १९७० साली कॅपुचिन मठात वारला.

आदिपापाची जखम आपल्या सर्वांमध्ये आहे. राग आपल्याही मनात उसळतो. पण ज्या हातांनी सुरा चालवला, त्याच हातांनी पुढे मठाची बाग राखली. मग आपण ज्यांच्याशी बोलणे टाकले आहे, त्यांच्या दारी या आठवड्यात जाऊ या का?