आगबोटींचा शिल्पकार : इझम्बार्ड ब्रुनेल

अटलांटिक महासागर आगबोटीने पार करता येईल किंवा नाही, हा एकेकाळी विद्वानांच्या वादाचा विषय होता. १८१९ साली ‘सव्हाना’ या अमेरिकन जहाजाने तो पार केला खरा. परंतु प्रवासाचा बहुतेक भाग शिडांच्याच बळावर झाला. अडचण कोळशाची होती. जहाज मोठे करावे, तर कोळसाही त्याच प्रमाणात अधिक लागेल, असा समज होता. तो ज्याने खोटा ठरविला, त्या इझम्बार्ड किंग्डम ब्रुनेल या इंग्रज इंजिनिअरचे चरित्र आम्ही येथे थोडक्यात देत आहोत.

ब्रुनेलचा जन्म ९ एप्रिल १८०६ रोजी पोर्टस्मथ येथे झाला. फ्रान्समधील राज्यक्रांतीमुळे देशत्याग केलेला त्याचा पिता मार्क हाही नामांकित इंजिनिअर होता. पित्याच्या हाताखाली टेम्स नदीखालच्या बोगद्याचे काम करीत असता १८२८ साली पाणी आत घुसले व तरुण ब्रुनेल मरता मरता वाचला. १८३३ साली लंडन-ब्रिस्टल रेल्वेचे काम त्याजकडे आले. हाच मार्ग आगबोटीने पुढे न्यूयॉर्कपर्यंत न्यावा, अशी सूचना त्याने केली. पुष्कळांस ती थट्टाच वाटली. तथापि काहींनी ती मनावर घेतली आणि १८३६ साली त्यासाठी कंपनी निघाली.

ब्रुनेलचा हिशेब साधा होता. जहाजाची लांबी, रुंदी व खोली दुप्पट केली, तर त्याच्या पोटातील जागा आठपट होते. पाण्याचा अडथळा मात्र सुमारे चौपटच वाढतो. म्हणजे जहाज जितके मोठे, तितका कोळशाचा भार तुलनेने हलका.

८ एप्रिल १८३८ रोजी ‘ग्रेट वेस्टर्न’ ब्रिस्टलहून निघाली. आठच दिवसांपूर्वी तिजवर आग लागून ब्रुनेल स्वतः जायबंदी झाला होता, आणि घाबरलेल्या उतारूंपैकी अवघे सात उरले होते. प्रतिस्पर्धी ‘सिरियस’ चार दिवस आधी आयर्लंडहून सुटून २२ एप्रिलला न्यूयॉर्कला पोचली. तिचा कोळसा जवळजवळ संपला होता. दुसऱ्याच दिवशी ‘ग्रेट वेस्टर्न’ आली, ती सुमारे २०० टन कोळसा शिल्लक ठेवून. पैज ‘सिरियस’ने जिंकली, वाद ब्रुनेलने जिंकला.

पुढे त्याने लोखंडी सांगाड्याची, मळसूत्री पंख्याने चालणारी ‘ग्रेट ब्रिटन’ १८४३ साली पाण्यात सोडली. १८४६ साली ती आयर्लंडच्या किनाऱ्यावर रुतली. लोखंडी सांगाडा टिकला, पण कंपनी बुडाली. तरीही ब्रुनेलने वाटेत कोळसा न घेता पूर्वेकडे जाईल अशी ६९२ फूट लांबीची ‘ग्रेट ईस्टर्न’ हाती घेतली. नोव्हेंबर १८५७ मध्ये तिला पाण्यात लोटण्याचा पहिला प्रयत्न फसला व मनुष्यहानी झाली. ३१ जानेवारी १८५८ रोजी ती तरंगली. भागधारकांचा पैसा आणि ब्रुनेलची प्रकृती दोन्ही यात खर्ची पडली. सप्टेंबर १८५९ मध्ये, पहिल्या सफरीपूर्वीच, त्यास अर्धांगवायूचा झटका आला. चार दिवसांनी त्या बोटीवर स्फोट होऊन भट्टीवरील कामगार मेले. १५ सप्टेंबरला, वयाच्या ५३ व्या वर्षी, ब्रुनेलनेही देह ठेवला.

पूर्वेच्या उतारूंसाठी बांधलेली ही बोट त्यांस घेऊन इकडे कधीच आली नाही. १८६६ साली तिने अटलांटिकच्या तळाशी तारायंत्राची तार टाकली आणि १८७० साली मुंबईहून एडनपर्यंत दुसरी. इतकी लांब व जड तार पोटात सामावणारे दुसरे जहाज त्या काळी नव्हते.

ब्रुनेलचा जहाजाचा हिशेब अचूक होता, पैशाचा चुकला. दुसऱ्याची ठेव पणाला लावणाऱ्या माणसाचा हा दोष लहान, असे आम्ही म्हणणार नाही. परंतु चाळीस वर्षांनी त्याहून लांब जहाजे बांधली गेली, ती त्याच्याच गणितावर. ‘ग्रेट ब्रिटन’ १९७० साली ब्रिस्टलच्या त्याच गोदीत परत आणली गेली. ती आजही तेथे पाहावयास मिळते.