‘मधुशाला’कार बच्चन यांची केंब्रिजमधील ज्ञानसाधना

हिंदी काव्यरसिकांनी हरिवंशराय बच्चन यांना ‘मधुशाला’चे कवी म्हणून डोक्यावर घेतले. मात्र हा कवी पेशाने इंग्रजीचा अध्यापक होता आणि याच विषयातील डॉक्टरेटसाठी त्याने वयाच्या ४४ व्या वर्षी पुन्हा विद्यार्थिदशा पत्करली होती, ही बाब तुलनेने कमी परिचित आहे.

२७ नोव्हेंबर १९०७ रोजी जन्मलेल्या बच्चन यांचे उच्च शिक्षण अलाहाबाद विद्यापीठात झाले. इंग्रजी विषयातील एम. ए. चा अभ्यास १९३० मध्ये सविनय कायदेभंगाच्या काळात अर्धवट सुटला. १९३५ मध्ये ‘मधुशाला’ने त्यांना अमाप लोकप्रियता मिळवून दिली, पण पुढच्याच वर्षी पत्नी श्यामा यांचे निधन झाले. या आघातानंतर १९३८ मध्ये त्यांनी एम. ए. पूर्ण केले आणि १९४१ पासून ते त्याच विद्यापीठात इंग्रजी शिकवू लागले.

१९५२ मध्ये ते केंब्रिजच्या सेंट कॅथरिन्स महाविद्यालयात दाखल झाले. द्वितीय पत्नी तेजी आणि दोन लहान मुले अलाहाबादेतच राहिली. थोरले अमिताभ तेव्हा दहा वर्षांचेही नव्हते. संसाराचा सर्व भार तेजींवर आला. मायदेशी कविसंमेलने गाजविणारा हा कवी केंब्रिजमध्ये मात्र एक प्रौढ संशोधक विद्यार्थी होता.

आयरिश कवी डब्ल्यू. बी. येट्स यांच्या साहित्यावरील गूढविद्येचा प्रभाव हा त्यांच्या प्रबंधाचा विषय होता. येट्सचे अभ्यासक थॉमस राइस हेन यांचे मार्गदर्शन त्यांना लाभले. थिऑसफी, कबाला, स्वीडनबोर्ग आणि भारतीय विचारपरंपरा यांचे येट्सच्या लेखनाशी असलेले नाते त्यांनी तपासले. भारतीय अभ्यासकाला हा विषय परका नव्हता. रवींद्रनाथांच्या इंग्रजी ‘गीतांजली’ला येट्स यांनी प्रस्तावना लिहिली होती, तसेच विदर्भातील बडनेरा येथे जन्मलेल्या श्री पुरोहित स्वामी यांच्यासमवेत त्यांनी दहा प्रमुख उपनिषदांचा इंग्रजी अनुवाद केला होता.

१९५४ मध्ये बच्चन यांना पीएच. डी. मिळाली. मात्र या पदवीनंतरची त्यांची वाटचाल विद्यापीठात झाली नाही. अल्पकाळ आकाशवाणीच्या अलाहाबाद केंद्रावर काम केल्यावर १९५५ मध्ये ते दिल्लीत परराष्ट्र मंत्रालयात रुजू झाले. तेथे हिंदीच्या वापराशी संबंधित जबाबदारी त्यांच्याकडे होती. १९६६ मध्ये राज्यसभेवर त्यांची नियुक्ती झाली.

तरीही केंब्रिजमधील परिश्रम वाया गेले नाहीत. त्यांचा प्रबंध १९६५ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. येट्सच्या कविता त्यांनी हिंदीत आणल्या. ‘मॅकबेथ’, ‘ऑथेल्लो’, ‘हॅम्लेट’ आणि ‘किंग लिअर’ या शेक्सपिअरच्या शोकांतिकांचेही त्यांनी हिंदी अनुवाद केले. विद्यापीठाच्या वर्गात मूठभर विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचले असते, ते इंग्रजी साहित्य अशा प्रकारे इंग्रजी न जाणणाऱ्या वाचकांच्या हाती आले.

केंब्रिजच्या या दिवसांचा वृत्तान्त त्यांनी आत्मचरित्राच्या ‘बसेरे से दूर’ या तिसऱ्या खंडात मांडला. चार खंडांच्या या आत्मचरित्रासाठी त्यांना १९९१ चा पहिला सरस्वती सन्मान प्रदान करण्यात आला. १८ जानेवारी २००३ रोजी मुंबईत वयाच्या ९५ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.