हवाई दलाच्या पायलटांना ज्यांच्या विमानांनी उडायला शिकवलं, ते कोल्हापूरचे डॉ. घाटगे कोण होते?

कामतघरला वऱ्हाळा तलावाच्या काठावर संध्याकाळी फिरायला गेलात, की डोक्यावरून मुंबईकडे जाणारं एखादं विमान दिसतं. बोइंग असतं नाहीतर एअरबस. म्हणजे एक तर अमेरिकेचं नाहीतर युरोपचं. मग साहजिकच प्रश्न पडतो, आपल्याकडे कोणी विमानं बनवलीच नाहीत का?

या प्रश्नावर व्हॉट्सअॅपचं उत्तर ठरलेलं असतं. 1895 साली शिवकर बापूजी तळपदेंनी मुंबईच्या चौपाटीवर विमान उडवलं, असा मेसेज येतो. त्या उड्डाणाचा त्या काळातला ठोस पुरावा आजवर समोर आलेला नाही. पण ज्याची विमानं खरोखर उडाली, हवाई दलात गेली आणि परदेशातही विकली गेली, असा एक मराठी माणूस होता. डॉ. विष्णू माधव घाटगे.

हसूरचंपू ते जर्मनी

घाटगेंचा जन्म 24 ऑक्टोबर 1908 चा, कोल्हापूर जिल्ह्यातल्या हसूरचंपू गावचा. शिक्षणासाठी ते जर्मनीतल्या गॉटिंगेनला पोहोचले. तिथे त्यांचे गुरू होते लुडविग प्रांटल.

प्रांटल हे नाव फार मोठं आहे. विमानाच्या पंखावरून वारा वाहतो तेव्हा पंखाला अगदी चिकटून हवेचा एक पातळ थर असतो. विमान हवेत राहणार की कोसळणार, हे बऱ्याच अंशी या थराच्या वागण्यावर ठरतं. हे प्रांटल यांनी 1904 साली मांडलं आणि आधुनिक विमानशास्त्राचा पाया घातला गेला. त्यांच्याच हाताखाली घाटगेंनी 1936 मध्ये डॉक्टरेट मिळवली.

पण भारतात परतल्यावर करायचं काय? इथे विमानाचा एकही कारखाना नव्हता.

कारखाना आला, वर्गही भरला

तो कारखाना काढला सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी. डिसेंबर 1940 मध्ये म्हैसूर संस्थानाच्या मदतीने बंगळुरात हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनी उभी राहिली. आजच्या एचएएलची ही सुरुवात. घाटगे तिथे दाखल झाले. दुसरं महायुद्ध सुरू होतं आणि कारखान्याला मुख्यतः दुरुस्तीचं काम मिळत होतं. तरी त्याच धामधुमीत घाटगेंनी दहा जणांना नेणारं ग्लायडर, म्हणजे बिनइंजिनाचं विमान, डिझाइन केलं.

1942 च्या अखेरीस बंगळुरातल्या भारतीय विज्ञान संस्थेत विमान अभियांत्रिकीचा विभाग सुरू झाला. त्याची सुरुवातीची जबाबदारीही घाटगेंवरच आली. विमान बनवायचं आणि विमान बनवणारी माणसंही घडवायची, अशी दोन्ही कामं एकाच वेळी चालली होती.

कागदावरचं विमान आणि हवेतलं विमान

स्वातंत्र्यानंतर हवाई दलाला नव्या पायलटांच्या प्रशिक्षणासाठी विमान हवं होतं. तोवर मुलं टायगर मॉथवर शिकायची. दोन मजली पंख आणि वर कापड, असं ते ब्रिटिश विमान होतं. घाटगेंच्या टीमने संपूर्ण धातूचं, पुढेमागे दोन सीट असलेलं एचटी-2 तयार केलं. ऑगस्ट 1951 मध्ये कॅप्टन जमशेद मुन्शी यांनी ते पहिल्यांदा उडवलं. भारतात डिझाइन झालेलं हे पहिलं इंजिनाचं विमान.

इथे एक गोष्ट समजून घेऊ. नवीन विमानाचं गणित कितीही पक्कं असलं, तरी पहिल्या उड्डाणात एक जिवंत माणूस त्या गणितावर विश्वास ठेवून आत बसतो. म्हणून चाचणी टप्प्याटप्प्याने होते. आधी बोगद्यात छोट्या मॉडेलवर वारा सोडून बघतात. मग धावपट्टीवर नुसतं पळवतात. मग सरळ, साधं उड्डाण. सगळ्यात शेवटी जाणूनबुजून विमान अडचणीत टाकतात. वेग इतका कमी करतात की पंख साथ सोडतो आणि विमान गरगरत खाली येऊ लागतं. शिकाऊ पायलटच्या विमानाला तर ही परीक्षा द्यावीच लागते, कारण शिकणारा चुकणारच. त्या चुकीतून विमान बाहेर निघालं पाहिजे.

एचटी-2 ने ही परीक्षा दिली आणि तीस वर्षांहून जास्त काळ आपले पायलट त्यावर शिकले. घानाच्या हवाई दलानेही 12 विमानं विकत घेतली.

लाकडाचं लढाऊ विमान

त्यानंतर फ्लाइंग क्लबसाठी पुष्पक आलं आणि लष्कराच्या टेहळणीसाठी कृषक. याच काळात एचएएलमध्ये जर्मन डिझायनर कुर्ट टँक यांच्या नेतृत्वाखाली मरुत हे लढाऊ जेट आकार घेत होतं. ते थेट उडवण्याऐवजी आधी त्याच मापाचं लाकडी ग्लायडर बनवलं गेलं. डकोटा विमान त्याला दोरीने ओढत वर नेऊन सोडायचं. 1959-60 मध्ये अशी 78 उड्डाणं झाली. खरं मरुत उडालं 17 जून 1961 ला आणि ते उडवणारे होते सुरंजन दास.

याच दास यांनी 4 सप्टेंबर 1964 ला घाटगेंच्या टीमचं किरण पहिल्यांदा उडवलं. हे प्रशिक्षणाचं जेट विमान, शिक्षक आणि विद्यार्थी शेजारी-शेजारी बसतील असं. पुढच्या वर्षी घाटगेंना पद्मश्री मिळाली.

पुढे 10 जानेवारी 1970 ला मरुतच्या सुधारित आवृत्तीची चाचणी घेताना दास यांचं अपघाती निधन झालं. बंगळुरात एचएएलजवळच्या रस्त्याला आज त्यांचं नाव आहे.

हे विमान तुम्ही पाहिलंय

घाटगे 6 डिसेंबर 1991 ला गेले. त्यानंतर पाच वर्षांनी, 1996 मध्ये, हवाई दलाने कसरतींसाठी सूर्यकिरण पथक सुरू केलं. 2011 पर्यंत एकमेकांना जवळजवळ खेटून उडणारी ती नऊ विमानं होती किरण मार्क-2, म्हणजे घाटगेंच्याच विमानाची पुढची आवृत्ती. आपण मान वर करून टाळ्या वाजवल्या, पण डिझाइन कोणाचं हे कधी विचारलं नाही.

पुढच्या वेळी ग्रुपवर चौपाटीचा मेसेज आला, तर भांडत बसू नका. उत्तरात हे एक नाव आणि ऑगस्ट 1951 हा महिना पाठवून द्या.