हाफकिन : लशीचा पहिला प्रयोग स्वतःवर

परळची हाफकिन संस्था मुंबईकरांना ठाऊक आहे. मात्र वाल्देमार हाफकिन यांचे आयुष्य फारसे परिचित नाही. १८६० मध्ये ओडेसा येथे जन्मलेल्या हाफकिन यांना इल्या मेचनिकॉफ हे गुरू लाभले. शरीरातील भक्षक पेशी रोगजंतूंना गिळून पचवतात, हा शोध मेचनिकॉफ यांचाच.

१८९६ मध्ये मुंबईत प्लेगचे थैमान सुरू झाले. ग्रँट मेडिकल कॉलेजात हाफकिन यांनी उष्णतेने मारलेल्या प्लेगजंतूंची लस सिद्ध केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. मृत जंतूंवरून शरीर शत्रूला ओळखू लागते. पुढे जिवंत जंतू शिरताच प्रतिपिंडे त्याला चिकटतात आणि भक्षक पेशी त्याचा फडशा पाडतात.

१९०२ मध्ये पंजाबातील मुल्कोवाल येथे लस टोचलेले १९ जण धनुर्वाताने दगावले. ठपका हाफकिन यांच्यावर आला, पदही गेले. बाटली त्या गावातच दूषित झाली होती, हे यथावकाश सिद्ध झाले आणि १९०७ मध्ये ते निर्दोष ठरले. १९२५ मध्ये परळच्या प्रयोगशाळेला त्यांचे नाव देण्यात आले. १९३० मध्ये स्वित्झर्लंडमधील लोझान येथे ते निवर्तले.