स्फोटातून वाचलेला खाणकामगार कशाने मरतो? जॉन स्कॉट हॉल्डेन यांनी शोधलेलं उत्तर

२७ जानेवारी १८९६. वेल्समधल्या ऱ्होंडा खोऱ्यातलं टायलर्सटाउन. पहाटे तिथल्या कोळसा खाणीत स्फोट झाला आणि ५७ कामगार मेले. त्यानंतर ऑक्सफर्डहून एक डॉक्टर तिथे आला आणि एकेक मृतदेह तपासू लागला. त्याला एकच प्रश्न पडला होता: ही माणसं नक्की कशाने मेली?

प्रश्न वेडगळ वाटतो ना? स्फोट झाला, माणसं मेली, त्यात शोधायचं काय? पण त्या डॉक्टरला मिळालेल्या उत्तरामुळे खाणीतल्या बचावकार्याची पद्धतच बदलली. त्याचं नाव जॉन स्कॉट हॉल्डेन.

हवेच्या मागे लागलेला माणूस

हॉल्डेन यांचा जन्म १८६० मध्ये एडिनबरोचा. घर खानदानी, भाऊ पुढे ब्रिटनचा युद्धमंत्री झाला. यांनी १८८४ मध्ये वैद्यकीची पदवी घेतली, पण दवाखाना काही थाटला नाही. त्यांना रस होता तो माणूस श्वासातून जी हवा घेतो तिच्यात. डंडी शहरातल्या गरीब वस्त्यांमधल्या कोंदट खोल्यांत जाऊन त्यांनी हवेचे नमुने घेतले, गटारांमधली हवासुद्धा तपासली. नंतर ते ऑक्सफर्डला गेले. तिथे त्यांचे मामा जॉन बर्डन सँडरसन शरीरक्रियाशास्त्राचे प्राध्यापक होते.

विषारी वायूची परीक्षा करायची तर पहिला उंदीर आपण स्वतः, हा त्यांचा खाक्या. १८९५ मध्ये त्यांनी कार्बन मोनॉक्साइड मिसळलेली हवा मुद्दाम ओढली आणि मधे मधे स्वतःचं रक्त तपासलं. एका प्रयोगात तर रक्तातलं निम्म्याहून जास्त हिमोग्लोबिन या वायूने अडवेपर्यंत ते थांबले नाहीत. तोवर दृष्टी अंधुक झाली होती, पाय लटपटत होते.

हा वायू मारतो कसा?

रक्तातलं हिमोग्लोबिन म्हणजे ऑक्सिजन वाहून नेणारी मालगाडी समजा. कार्बन मोनॉक्साइड या गाडीत ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटून बसतो. त्यामुळे हवेत तो अगदी ०.२ टक्के असला तरी हळूहळू बहुतेक डबे बळकावतो. माणूस श्वास घेत असतो, पण ऑक्सिजन पेशींपर्यंत पोचत नाही.

त्यात याला रंग नाही, वास नाही. खोकला येत नाही, गुदमरल्यासारखंही होत नाही. डोकं जड होतं, विचार सुचेनासे होतात, चालायला लागलं की गुडघे वाकतात. आपण धोक्यात आहोत हे ज्या मेंदूने ओळखायचं, तोच आधी मंदावतो.

टायलर्सटाउनमध्ये काय दिसलं?

स्वतःवरचे प्रयोग पाठीशी असल्यामुळे हॉल्डेन यांना काय शोधायचं ते ठाऊक होतं. कित्येक मृतांची त्वचा चेरीसारखी गुलाबी-लाल दिसत होती. कार्बन मोनॉक्साइडने भरलेल्या रक्ताची ही खूण. रक्ताच्या तपासणीतही तेच निघालं. बहुतेक कामगार स्फोटाच्या धक्क्याने किंवा आगीने गेलेच नव्हते. स्फोटानंतर खाणीत पसरणाऱ्या विषारी हवेने, म्हणजे खाणवाले जिला ‘आफ्टरडॅम्प’ म्हणत तिने, त्यांना मारलं होतं.

हा वायू येतो कुठून? मिथेन पेटला की त्या झटक्याने कोळशाची धूळ उडते आणि तीही पेट घेते. बंद बोगद्यात तेवढ्या धुळीला पुरेसा ऑक्सिजन मिळत नाही. ज्वलन अर्धवट राहतं आणि ढीगभर कार्बन मोनॉक्साइड तयार होतो.

आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना ही तऱ्हा ओळखीची आहे. लॉगमध्ये सगळ्यात मोठा दिसणारा एरर हाच दोषी, असं धरून आपण दुरुस्ती करत बसतो आणि खरं कारण भलतीकडेच असतं. स्फोटच मारतो असं मानलं, तर स्फोटानंतर करण्यासारखं काही उरत नाही. पण हवा मारत असेल, तर स्फोटातून वाचलेल्या माणसाकडे अजून थोडा वेळ आहे. म्हणजे त्याला वाचवता येईल!

पिंजऱ्यातला सेन्सर

पण हवा विषारी आहे हे कळायचं कसं? कामगारांचा भरवसा सेफ्टी लॅम्पवर. मिथेन असेल तर त्याच्या ज्योतीवर निळसर टोपी दिसते, ऑक्सिजन कमी पडला तर ज्योत विझते. पण माणसाला मारण्याइतका कार्बन मोनॉक्साइड असला तरी हा दिवा शांतपणे जळत राहतो. दिवा जळतोय म्हणजे हवा ठीक, हा हिशेब इथे जिवावर बेतायचा.

हॉल्डेन यांनी सुचवलं, लहान प्राणी सोबत न्या. आधी उंदीर, नंतर कॅनरी पक्षी. लहान जिवाचा श्वासोच्छ्वास वेगवान असतो, त्यामुळे विष त्याच्या रक्तात माणसाच्या कितीतरी आधी साठतं. कॅनरी दांडीवरून खाली पडली की बचावपथकाला मागे फिरायला काही मिनिटं मिळतात. पुढे तर वर छोटा ऑक्सिजन सिलिंडर लावलेले पिंजरे आले. पक्षी कोसळला की झडप बंद करून ऑक्सिजन सोडायचा, पक्षी पुन्हा शुद्धीवर! ब्रिटनच्या खाणींमध्ये कॅनरी १९८६ पर्यंत कामावर होत्या. मग त्यांची जागा इलेक्ट्रॉनिक सेन्सरने घेतली.

वायू बाहेर काढायचा कसा?

इथे खरी मेख आहे. कार्बन मोनॉक्साइड पाण्यात फारसा विरघळत नाही आणि साधा कोळशाचा फिल्टरही त्याला धरून ठेवत नाही. उपाय एकच, ताजी हवा आत ढकलून त्याला हुसकावणं.

खाणीला साधारण दोन विहिरी असतात. एकीतून हवा आत जाते, दुसरीतून पंखा ती बाहेर ओढतो. मधल्या भिंती आणि दारं हवेला लांबच्या बोगद्यांपर्यंत वळवतात. स्फोटात नेमक्या याच भिंती उडतात. मग पंखा चालू असला तरी हवा जवळच्या वाटेने परत फिरते आणि माणसं अडकलेल्या भागात विष तसंच राहतं.

म्हणून बचावपथक तात्पुरते कापडी पडदे लावत, हवेची वाट पुन्हा बांधत, टप्प्याटप्प्याने पुढे सरकतं. त्याच्याही पुढे जायचं तर स्वतःचा ऑक्सिजन पाठीवर नेणारी उपकरणं लागतात. घाई मात्र चालत नाही. आत कुठे आग धुमसत असेल, तर ताजी हवा आणि मिथेन मिळून दुसरा स्फोट होतो आणि वाचवायला गेलेलेच अडकतात. अशा वेळी तो भाग सील करण्याचा कठोर निर्णय घ्यावा लागतो.

पहिल्या महायुद्धाच्या सुमारास अमेरिकेत ‘हॉपकॅलाइट’ हे मँगनीज आणि तांब्याच्या ऑक्साइडचं मिश्रण तयार झालं. ते कार्बन मोनॉक्साइडचं कार्बन डायऑक्साइडमध्ये रूपांतर करतं. कामगाराच्या कमरेला लटकणाऱ्या फिल्टरच्या सेल्फ-रेस्क्यूअरमध्ये हेच वापरलं गेलं. हवेत पुरेसा ऑक्सिजन असेल तरच त्याचा उपयोग. बाहेर चालत येण्यापुरता वेळ मिळावा, एवढंच त्याचं काम.

विष चढलेल्या माणसाचं काय? हॉल्डेन यांनी १८९५ मध्येच दाखवलं होतं की जास्त दाबाच्या ऑक्सिजनमध्ये ठेवलेला उंदीर कार्बन मोनॉक्साइड असूनही जगतो. हिमोग्लोबिन अडलेलं असलं तरी रक्तद्रवात विरघळलेला ऑक्सिजन त्याला पुरतो. आजही या विषबाधेवर पहिला इलाज शुद्ध ऑक्सिजनच.

शेवटपर्यंत हवाच

पुढे त्यांनी पाणबुड्यांना सुरक्षित वर आणण्याची कोष्टकं बनवली आणि १९१५ मध्ये फ्रान्सला जाऊन युद्धात वापरलेला विषारी वायू कोणता ते तपासलं. मुलगा जेबीएस लहान असताना त्यालाही ते खाणीत नेत. एकदा मिथेन साचलेल्या जागी त्याला उभं राहून शेक्सपिअरच्या नाटकातलं भाषण म्हणायला लावलं. पोरगा चक्कर येऊन खाली पडला आणि जमिनीलगतच्या चांगल्या हवेत सावरला. मिथेन हलका असतो आणि वर साचतो, हा धडा तो विसरणं शक्यच नव्हतं! हाच मुलगा पुढे मोठा जनुकशास्त्रज्ञ झाला, भारताचा नागरिक झाला आणि १९६४ मध्ये भुवनेश्वरला वारला.

जॉन हॉल्डेन १९३६ मध्ये ऑक्सफर्डला न्यूमोनियाने गेले. त्याच्या थोडंच आधी ते इराण-इराकहून परतले होते. वय पंचाहत्तर, आणि काम? तेलकंपनीच्या कामगारांना उष्माघात का होतो, ते शोधायचं.