आचार्य जगदीशचंद्र बोस : बिनतारी लहरींचे उपासक



गेल्या वर्षीच्या स्नेहसंमेलनाआधीची गोष्ट. नाटुकल्यासाठी ध्वनिमुद्रित केलेले पार्श्वसंगीत एकदा नीट ऐकून घ्यावे, म्हणून मी शिक्षकांच्या खोलीत लॅपटॉप उघडून बसलो होतो. शेजारच्या वर्गात गणिताचा तास चालू होता. तेव्हा आवाज मोठा करणे शक्य नव्हते. मी आपले बिनतारी इअरबड कानांत घातले. परंतु काही केल्या संगीत कानी पडेना. लॅपटॉपच्या यादीत त्यांचे नावच उमटत नव्हते. कलाशाखेचा पदवीधर असलेला मी निरनिराळी बटणे दाबून थकलो. इतक्यात नववीतील एक विद्यार्थिनी वह्यांचा गठ्ठा ठेवण्यासाठी आत आली. इअरबड माझ्या खिशातील मोबाइलशी आधीच जोडले गेले आहेत, हे तिने तत्काळ ओळखले. तिने मला मोबाइलचे ब्लूटूथ बंद करावयास सांगितले, इअरबड डबीत ठेवले, दिवा लुकलुकू लागेपर्यंत डबीचे बटण दाबून धरले आणि लॅपटॉपच्या ब्लूटूथमध्ये नव्या उपकरणाचा शोध सुरू केला. यादीत नाव दिसताच तिने त्यावर टिचकी मारली, आणि दुसऱ्याच क्षणी पखवाजाचा नाद माझ्या कानांत घुमू लागला.

मी तिचे कौतुक केले व पुढे याच विद्येचा अभ्यास करणार काय, असे विचारले. तेव्हा ती सहज बोलून गेली की, असले शोध लावणारी माणसे मोठ्या इंग्रजी शाळांत शिकलेली असतात; आपण मराठी शाळेतील मुले ती साधने वापरावयास शिकलो, म्हणजे पुष्कळ झाले. तिच्या बोलण्यात खंत नव्हती, आणि म्हणूनच ते माझ्या मनाला अधिक लागले. त्या वेळी मी तिला काहीच उत्तर दिले नाही. पेडण्यातील या शाळेत मराठीतून शिकवणारा आणि घरी कोकणी बोलणारा मी, ते उत्तर आज एका थोर पुरुषाच्या चरित्रातून देत आहे.

जगदीशचंद्र बोस यांचा जन्म ३० नोव्हेंबर १८५८ रोजी आजच्या बांगलादेशातील मैमनसिंग येथे झाला. त्यांचे वडील भगवानचंद्र हे सरकारी अधिकारी होते. त्या काळी अशा घरातील मुलांना इंग्रजी शाळेत घालणे हे प्रतिष्ठेचे लक्षण मानले जाई. परंतु भगवानचंद्रांचा विचार निराळा होता. मुलाला आधी आपली भाषा व आपली माणसे कळली पाहिजेत, मग परकी भाषा, असा त्यांचा आग्रह होता. म्हणून फरीदपूर येथे त्यांनी जगदीशला साध्या बंगाली शाळेत घातले. तेथे त्याच्या एका बाजूला वडिलांच्या मुसलमान चपराश्याचा मुलगा बसे, तर दुसऱ्या बाजूला एका कोळ्याचा मुलगा. नदीतील मासे, रानातील पशुपक्षी यांच्या कथा त्याने या सवंगड्यांच्या तोंडून ऐकल्या. सृष्टीविषयीच्या जिज्ञासेचे बीज तेथेच रुजले, असे ते पुढे आवर्जून सांगत.

पुढे कलकत्त्याच्या सेंट झेवियर्स कॉलेजात फादर लाफों यांच्या प्रयोगांनी त्यांना पदार्थविज्ञानाची गोडी लावली. १८८० मध्ये ते वैद्यकीच्या अभ्यासासाठी इंग्लंडला गेले. परंतु ज्वराने पिच्छा न सोडल्यामुळे तो अभ्यास त्यांना सोडावा लागला. तेव्हा ते केंब्रिज येथे निसर्गविज्ञानाकडे वळले. लॉर्ड रॅले यांच्यासारखा गुरू त्यांना तेथे लाभला. पदव्या संपादून ते मायदेशी परतले आणि १८८५ मध्ये कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात प्राध्यापक झाले.

येथे त्यांच्या स्वाभिमानाची कसोटी लागली. त्या काळी हिंदी प्राध्यापकाला युरोपियन प्राध्यापकाच्या दोन तृतीयांश वेतन मिळे. आणि नेमणूक हंगामी असल्यामुळे बोसांच्या वाट्याला त्याचेही अर्धेच आले. म्हणजे काम तेच, परंतु मोल एक तृतीयांश! बोसांनी भांडण केले नाही, की नोकरीही सोडली नाही. ते रोज नेमाने शिकवीत राहिले. मात्र वेतनाला त्यांनी हात लावला नाही. अशी तीन वर्षे गेली. वडिलांच्या डोक्यावर कर्ज होते, आणि याच काळात अबलादेवींशी विवाह होऊन त्यांचा संसारही सुरू झाला होता. अखेर सरकारला आपली चूक मान्य करावी लागली व मागील सर्व थकबाकीसह पूर्ण वेतन त्यांच्या हाती आले. त्या रकमेतून त्यांनी वडिलांचे ऋण फेडले.

आता त्यांच्या संशोधनाकडे वळू. हाईन्रिख हर्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने १८८७-८८ च्या सुमारास डोळ्यांना न दिसणाऱ्या विद्युत्चुंबकीय लहरी प्रयोगशाळेत निर्माण करून दाखविल्या होत्या. त्या लहरी लांबीने मोठ्या होत्या. आपल्या छत्तिसाव्या वाढदिवशी, १८९४ साली, बोसांनी या विषयाला वाहून घेण्याचा संकल्प केला. कॉलेजात स्वतंत्र प्रयोगशाळा नव्हती. एक चिंचोळी खोली आणि मदतीला एक पत्र्याचे काम करणारा कारागीर, एवढेच त्यांचे बळ. परंतु त्या खोलीत त्यांनी अवघ्या ५ मिलिमीटर लांबीच्या लहरी निर्माण केल्या. प्रयोगासाठी हाताशी असेल ती वस्तू ते उपयोगात आणीत. पिळलेल्या तागाच्या जुड्या आणि पानापानांत धातूचा पातळ वर्ख घातलेले रेल्वेचे वेळापत्रकसुद्धा त्यांनी या लहरींच्या परीक्षणासाठी वापरले. कलकत्त्याच्या टाउन हॉलमधील त्यांचा जाहीर प्रयोग तर विख्यात आहे. भिंतींच्या पलीकडे, कोणतीही तार नसताना, त्या लहरींनी घंटा वाजविली व बंदुकीच्या दारूचा स्फोट घडविला. जानेवारी १८९७ मध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये त्यांचे व्याख्यान झाले. मार्कोनी हे त्याच सुमारास इंग्लंडमध्ये बिनतारी संदेशाचे प्रयोग करीत होते.

मित्रहो, केरीच्या धक्क्यावर उभे राहून पलीकडे तेरेखोलच्या तीरावरील माणसाला कितीही हाका मारल्या, तरी तो कान देऊन ऐकत नसेल, तर त्या हाका वाऱ्यावरच जातात. बिनतारी विद्येचेही असेच आहे. लहरी पाठविणे हे अर्धे काम. त्या टिपणारा कान घडविणे हे उरलेले अर्धे. त्या वेळचे लहरी टिपणारे साधन एकदा संदेश मिळाला की बधिर होई आणि त्याला टिचकी मारून पुन्हा जागे करावे लागे. बोसांनी लोखंड व पारा यांची, आपोआप पूर्वस्थितीला येणारी रचना तयार केली आणि १८९९ मध्ये तिचे वर्णन रॉयल सोसायटीपुढे मांडले. डिसेंबर १९०१ मध्ये मार्कोनींनी अटलांटिक महासागरापलीकडून संदेश टिपला, तेव्हा वापरलेल्या एका साधनाचे या रचनेशी जवळचे नाते होते, असे पुढे संशोधकांनी दाखवून दिले आहे. यात मार्कोनींचे श्रेय हिरावून घेण्याचा हेतू नाही. बिनतारी संदेश व्यवहारात आणून जगभर पोहोचविण्याचे काम त्यांचेच. परंतु पायाच्या दगडांत एक दगड आपल्या देशातील होता, हे आपण विसरू नये.

बोसांनी आणखी एक कान घडविला. गॅलिना या शिशाच्या खनिजाचा स्फटिक लहरी टिपू शकतो, हे त्यांनी दाखविले. ज्ञान विकावयाचे नसते, अशी त्यांची श्रद्धा असल्याने एका तारायंत्र कंपनीच्या धनिकाने देऊ केलेला पैसा त्यांनी १९०१ मध्ये नाकारला होता. तरीही भगिनी निवेदिता व सारा बुल यांच्या आग्रहामुळे या स्फटिकासाठी अमेरिकेत अर्ज झाला व १९०४ मध्ये एकस्व मिळाले. त्यापासून द्रव्य मिळविण्याचा प्रयत्न मात्र त्यांनी कधीच केला नाही. गॅलिना हा अर्धवाहक पदार्थ होय, आणि तुमच्या इअरबडमधील हरभऱ्याएवढी चिपही अर्धवाहकाचीच असते. ती सिलिकॉनची असते, एवढाच भेद!

त्या चिपचे कार्य कसे चालते, तेही येथे सांगतो. ब्लूटूथच्या लहरी सुमारे १२ सेंटिमीटर लांबीच्या असतात. दिवा लुकलुकत असतो, तेव्हा इअरबड आपले नाव आसमंतात पुकारीत असतात. लॅपटॉपने ते नाव निवडले की दोघे एक गुप्त खूण ठरवितात व ती स्मरणात ठेवतात. म्हणून दुसऱ्या दिवशी ओळख नव्याने करून द्यावी लागत नाही. आणि म्हणूनच माझे इअरबड जुन्या ओळखीच्या मोबाइलकडेच धाव घेत होते. एकदा जोडणी झाली, की दोघे मिळून सेकंदाला १६०० वेळांपर्यंत एका वारंवारतेवरून दुसरीवर उड्या घेतात. अशा ७९ वाटा त्यांच्यासाठी आखलेल्या असतात. त्यामुळे एकाच खोलीत दहा जण ऐकत बसले, तरी एकाचे गाणे दुसऱ्याच्या कानी पडत नाही. बोसांच्या मिलिमीटर लहरी याहून पुष्कळ आखूड होत्या. आज त्या प्रकारच्या लहरी दुर्बिणींत व नव्या मोबाइल यंत्रणांत वापरात आल्या आहेत.

पुढील आयुष्यात बोस वनस्पतींच्या संवेदनांकडे वळले. वनस्पतीची वाढ दहा हजार पट मोठी करून दाखविणारे क्रेस्कोग्राफ नावाचे यंत्र त्यांनी बनविले. त्यांच्या या मतांना विलायतेत कडवा विरोध झाला, आणि त्यांपैकी काही मतांवर वादही होत राहिले. पण त्यांनी प्रयोग सोडला नाही. १९१७ च्या आपल्या वाढदिवशी त्यांनी कलकत्त्यात बसू विज्ञान मंदिराची स्थापना केली. १९२० मध्ये ते रॉयल सोसायटीचे सदस्य झाले. एवढा जगन्मान्य पुरुष विज्ञानावरचे आपले लेख बंगालीतही लिहीत असे. त्यांचा अव्यक्त हा संग्रह १९२१ मध्ये निघाला. २३ नोव्हेंबर १९३७ रोजी, एकोणऐंशीवा वाढदिवस एका आठवड्यावर असताना, गिरिडीह येथे त्यांचे देहावसान झाले.

आता त्या विद्यार्थिनीला माझे उत्तर. बोस पुढे इंग्रजी शिकले, उत्तम शिकले. तुम्हीही शिकले पाहिजे, त्यावाचून गत्यंतर नाही. परंतु त्यांची पहिली बाके गावच्या शाळेतील होती, आणि त्या बाकांची त्यांना कधी लाज वाटली नाही. त्या दिवशी इअरबड का जोडले जात नाहीत, हे तू पाठ करून सांगितले नाहीस. निरीक्षण करून, कारण शोधून सांगितलेस. शास्त्रज्ञाची पहिली पायरी तीच, आणि ती तू आपल्या शाळेतच चढली आहेस. इअरबडची डबी माझ्या टेबलावर आहे. यंदाच्या विज्ञान प्रदर्शनात तिच्या आतील लहरींविषयी सर्वांना समजावून सांगण्याचे काम मी तुझ्याकडे सोपवीत आहे. आणि ते तू मराठीतून करावेस, अशी माझी इच्छा आहे.