कळफलकाचा जनक

मंडळी, आपण इथे यूएईत कुठल्याही ऑफिसात गेलो की कीबोर्डच्या एकेका बटणावर दोन-दोन अक्षरं दिसतात, एक इंग्रजी आणि एक अरबी. पण इंग्रजी अक्षरांचा क्रम मात्र सगळीकडे तोच. क्यू, डब्ल्यू, ई, आर, टी, वाय. हा क्रम ज्याच्या यंत्रातून जगाला मिळाला, त्या क्रिस्टोफर लॅथम शोल्सची ही गोष्ट. इंजिनीअरिंगची चार वर्षं कीबोर्ड बडवूनही मला हे नाव कोणी सांगितलं नव्हतं!

शोल्सचा जन्म १४ फेब्रुवारी १८१९ चा, अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियातला. पोरवयात छापखान्यात उमेदवारी केली, मग विस्कॉन्सिनला जाऊन वर्तमानपत्राचा संपादक झाला. राजकारणातही पडला. फाशीची शिक्षा रद्द व्हावी म्हणून विधिमंडळात आणि आपल्या पत्रातून तो झटला, आणि १८५३ मध्ये विस्कॉन्सिनने ती खरोखरच रद्द केली. पुढे मिलवॉकी बंदरात जकातीचा अधिकारी झाला. यंत्रविद्येची डिग्री वगैरे काही नाही, मूळचा छापखान्यातला माणूस.

मिलवॉकीत क्लाइनस्टुबर यांचं वर्कशॉप होतं. तिथे शोल्स आणि त्याचा मित्र सॅम्युएल सूल पानांवर नंबर छापणारं यंत्र बनवत होते. त्याचं पेटंट त्यांना १८६६ मध्ये मिळालं. कार्लोस ग्लिडन नावाचा आणखी एक खटपट्या तिथे यायचा. आकडे छापता येतात तर अक्षरं का नाहीत, असं त्याने सुचवलं, आणि २३ जून १८६८ रोजी तिघांच्या नावाने टाइपरायटरचं पेटंट निघालं. गंमत म्हणजे त्याच्या पट्ट्या चक्क पियानोसारख्या होत्या.

पैसा लावला जेम्स डेन्समोर याने. त्याने यंत्रं वापरून बघायला दिली, त्यात वॉशिंग्टनचा क्लेफेन नावाचा लघुलेखक होता. हा गडी यंत्रामागून यंत्र मोडायचा आणि वर दोषांची यादी पाठवायचा. शोल्स वैतागला, पण डेन्समोरचं म्हणणं असं की जे मोडायचं ते आत्ताच मोडू दे. आम्ही आयटीवाले ज्याला टेस्टिंग म्हणतो ते दुसरं काय आहे?

या तोडमोडीतून अक्षरांची जागा बदलत बदलत आजचा क्रम तयार झाला. आतले दांडे एकमेकांत अडकू नयेत म्हणून तो केला, असं आपण नेहमी ऐकतो. तारयंत्र चालवणाऱ्यांच्या सोयीने तो घडला, असं काही अभ्यासक म्हणतात. वाद अजून मिटलेला नाही.

१८७३ मध्ये बंदुका आणि शिवणयंत्रं बनवणाऱ्या रेमिंग्टन कंपनीशी करार झाला. १८७४ मध्ये यंत्र बाजारात आलं, किंमत १२५ डॉलर. त्यावर शिवणयंत्रासारखी फुलं रंगवलेली आणि खाली पायडलसुद्धा! छापायची ती फक्त कॅपिटल अक्षरं, आणि काय छापलं ते लगेच दिसायचंही नाही. शिफ्टची कळ १८७८ च्या मॉडेलमध्ये आली. शोल्सने मात्र आपला हक्क १२ हजार डॉलरला विकून टाकला, असं सांगितलं जातं. डेन्समोरने रॉयल्टी धरून ठेवली आणि तो श्रीमंत झाला.

आता थोडं आमच्या हौसेबद्दल. माझ्या शारजाच्या घरी जुने कीबोर्ड आणि माऊस आहेत, आणि ते आजच्या लॅपटॉपला जोडणं हा माझा सुट्टीच्या दिवसांचा उद्योग. पाच पिनांचा जाड गोल प्लग असेल तर सहा पिनांच्या छोट्या पीएस-टू प्लगसाठी साधा अडॅप्टर चालतो, कारण आतली बोली एकच असते. पण अगदी पहिल्या पीसीच्या काळातला, म्हणजे एक्सटी प्रकारचा कीबोर्ड असेल तर प्लग तोच असूनही बोली वेगळी, मग हा उपाय फसतो. पीएस-टूचा जांभळा प्लग कीबोर्डचा आणि हिरवा माऊसचा. दोन्ही आकाराने सारखे, म्हणून अदलाबदल हमखास होते. कॉम्प्युटर चालू असताना ते काढू-घालू नयेत. यूएसबीला जोडायचं तर बहुतेक जुन्या कीबोर्डना आत चिप असलेला कन्व्हर्टरच लागतो, नुसता तारा जुळवणारा स्वस्त अडॅप्टर चालत नाही. माऊस नऊ पिनांच्या सीरियल पोर्टचा असेल तर त्याची तऱ्हा आणखी वेगळी.

एवढं सगळं करून कीबोर्ड जोडला की बोटं मात्र आपोआप चालू लागतात. प्लग बदलत गेला, अक्षरांचा क्रम तोच राहिला. कारण तो यंत्रात नाही, माणसांच्या बोटांत बसलाय.

आपल्याकडे मराठी टायपिंगचा क्रम वेगळा, तरी कळांचा साचा तोच. गोदरेजने १९५५ मध्ये भारतीय टाइपरायटर काढला आणि गल्लोगल्ली टायपिंग इन्स्टिट्यूट निघाल्या. तीस-चाळीसच्या स्पीडचं सर्टिफिकेट घेऊन आपल्यातल्या कित्येकांचे वडील-काका आखातात आले, त्यावर घरं उभी राहिली, बहिणींची लग्नं झाली. इथल्या टायपिंग सेंटरमध्ये व्हिसाचा फॉर्म भरून घेताना त्या पिढीची आठवण येते.

टाइपरायटरमुळे बायकांना ऑफिसात काम मिळालं, याचं शोल्सला पैशापेक्षा जास्त समाधान होतं. क्षयाने खंगलेला असतानाही तो सुधारणा करतच राहिला. १७ फेब्रुवारी १८९० रोजी तो मिलवॉकीत गेला. त्याचं शेवटचं पेटंट १८९६ मध्ये, मृत्यूनंतर मंजूर झालं, आणि त्यात अक्षरांची मांडणी निराळीच होती! म्हणजे ज्याच्या यंत्रातून हा क्रम आला, तो स्वतः त्यावर थांबला नव्हता. पण तोवर हजारो बोटांनी आपला निकाल दिला होता, आणि तो फिरवणं खुद्द शोल्सच्याही हातात राहिलं नव्हतं.